विद्यार्थि-मंडळें आणि वरचे वर्ग

जून महिन्यांत शाळा उघडली, नवें वेळापत्रक फलकावर लागलें, आणि त्यांतील एका लहानशा ओळीपाशीं माझी दृष्टि थबकली. शनिवारचा शेवटचा तास आपल्या शाळेंत पुष्कळ वर्षांपासून विद्यार्थि-मंडळांकरितां राखून ठेविलेला आहे. निसर्गमंडळ, वक्तृत्वमंडळ, हस्तलिखित-मंडळ, पोस्टाचीं तिकिटें जमविणाऱ्यांचें मंडळ, बुद्धिबळ-मंडळ अशीं निरनिराळीं मंडळें त्या तासाला भरतात. यंदा त्या तासापुढें 'इयत्ता ५ ते ८' एवढेंच लिहिलेलें होतें. नववी आणि दहावी ह्या दोन वर्गांना त्याच वेळीं गणिताचा जादा तास लाविला होता. चौकशी करितां असें समजलें कीं, कांहीं पालकांनीं तशी मागणी केली होती, आणि परीक्षेचा विचार करून ती मान्य करण्यांत आली. ह्या निर्णयामागील हेतु चांगला आहे ह्याविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं. परंतु चांगल्या हेतूनें केलेली गोष्ट नेहमींच हितावह होते असें नाहीं. निसर्गमंडळाचा मार्गदर्शक ह्या नात्यानें गेलीं कांहीं वर्षें हा तास मी जवळून पाहत आलों आहें. म्हणून ह्या वार्षिकांकाच्या द्वारें, मुख्याध्यापकांची व पालकवर्गाची आगाऊ क्षमा मागून, मी असें नम्रपणें सुचवूं इच्छितों कीं हा निर्णय बदलावा.

प्रथम घडलेली हकीकत सांगतों. आमच्या मंडळानें शाळेच्या गच्चीवर एक घरगुती पर्जन्यमापक बसविला आहे. त्याची रचना अगदीं साधी आहे. दहा सेंटिमीटर व्यासाचें एक नरसाळें, आणि त्याखालीं पांच सेंटिमीटर व्यासाची, सरळ बाजूंची, उंच बाटली. नरसाळ्याच्या तोंडाचें क्षेत्रफळ बाटलीच्या तळाच्या चौपट असल्यामुळें बाटलींत पाणी जितकें चढतें त्याचा चवथा हिस्सा हा खरा पाऊस. बाटलींत ४० मिलिमीटर पाणी दिसलें, तर पाऊस १० मिलिमीटर झाला असें समजावयाचें. सरकारी वेधशाळांच्या रिवाजाप्रमाणें रोज सकाळीं साडेआठ वाजतां माप घ्यावयाचें, तें वहींत लिहावयाचें, आणि बाटली रिती करून पुन्हां जागेवर ठेवावयाची. झडीच्या दिवशीं बाटली भरून वाहूं नये म्हणून दुपारीं एकदां जादा माप घ्यावें लागतें, व दोन्ही मापांची बेरीज मांडावी लागते. हें काम आजपर्यंत नववी-दहावीचीं मुलें पाहत असत. आणि प्रत्येकानें आपल्या हाताखालीं दोन लहान मुलें घेऊन त्यांना तें शिकवावें, असा आमचा परिपाठ होता.

यंदा थोरलीं मुलें गेलीं. लहानांचा उत्साह कमी झाला होता असें मुळींच नाहीं. परंतु जुलैच्या मध्यावर मी वही उघडून पाहिली, तों सलग नऊ दिवसांचे रकाने कोरे. आणि दहाव्या दिवशींच्या रकान्यांत, जेथें मिलिमीटरचा आंकडा असावयाचा, तेथें एका चिमुकल्या हातानें मोठ्या प्रामाणिकपणें लिहिलें होतें, 'पुष्कळ पाऊस'. प्रथम मला हंसूं आलें. पण लागलीच वाईट वाटलें. त्या मुलाचा कांहींच अपराध नव्हता. पाऊस पुष्कळ पडला होता हें खरेंच होतें. तो चारानें कां भागावयाचा, आणि बाटली भरून वाहिली असतां काय करावयाचें, हें सांगणारें त्याच्या शेजारीं कोणी उरलें नव्हतें.

आतां कोणी म्हणेल, तें शिक्षकानें शिकवावें. शिक्षक शिकवील, परंतु त्यायोगें मंडळाचा पुन्हां वर्गच होईल. वर्ग आणि मंडळ ह्यांतील भेद केवळ विषयाचा नाहीं. वर्गांत सारीं मुलें एका वयाचीं असतात, आणि एक शिक्षक पन्नास मुलांना सांगत असतो. मंडळांत अकरा वर्षांचें मूल पंधरा वर्षांच्या मुलाच्या मांडीला मांडी लावून बसतें. शिक्षकाला विचारावयाचा जो प्रश्न लाजेनें ओठांतच राहतो, तो दादाला किंवा ताईला सहज विचारला जातो. पूर्वीं असें शिक्षण घरोघरीं होत असे. थोरली बहीण धाकटीला भाकरी थापावयास शिकवी; चुलतभाऊ विहिरींत पोहावयास शिकवी; सुताराचा मुलगा रंधा कसा धरावा हें बापाच्या आधीं वडील भावाकडून शिके. हल्लीं पुष्कळ घरांत एक किंवा दोनच मुलें असतात. आणि शेजारच्या मुलांत मिसळण्याचा वेळ कांहीं शिकवणीवर्गांनीं, तर कांहीं मोबाइलनें घेतला आहे. अशा काळीं निरनिराळ्या वयाचीं मुलें एका कामाभोंवतीं जमतील अशी जागा शाळेंत एकच उरली आहे, ती म्हणजे मंडळ. त्याचा वरचा भाग छाटून टाकिला असतां खालीं जें राहील तें मंडळ नव्हे. तो आठवड्याचा आणखी एक तास होय.

जो पुढें गेला त्यानें मागच्याला हात द्यावा, ह्या तत्त्वाला आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांत मोठा आधार आहे. १८४८ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनीं व तरुण शिक्षकांनीं, प्रोफेसर पॅटन ह्यांच्या उत्तेजनानें, एक सभा स्थापन केली. 'स्टूडंट्स लिटररी ॲण्ड सायंटिफिक सोसायटी' हें तिचें नांव. निबंध वाचावे व त्यांवर चर्चा करावी, हा तिचा आरंभींचा व्यवसाय. म्हणजे आजच्या भाषेंत बोलावयाचें तर तें एक विद्यार्थि-मंडळच होतें. लवकरच देशी भाषांच्या द्वारें ज्ञान पसरविण्याकरितां तिला मराठी व गुजराथी अशा शाखा फुटल्या, आणि त्या ज्ञानप्रसारक ह्या नांवानें प्रसिद्ध झाल्या. पुढें १८४९ सालीं ह्याच सभेच्या सभासदांनीं मुंबईंत मुलींच्या शाळा उघडल्या. मुलींनीं लिहावयास शिकणें म्हणजे घरावर संकट ओढवून घेणें, अशी समजूत त्या काळीं घरोघरीं होती. पगारी शिक्षक नेमावयास सभेपाशीं पैसा नव्हता. तेव्हां सभासद आपल्या रिकाम्या वेळांत स्वतःच विनावेतन शिकवूं लागले. दादाभाई नौरोजी हे त्या तरुणांपैकीं एक. त्या वेळीं त्यांनीं पंचविशी देखील ओलांडली नव्हती.

ह्या हकीकतींतील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. हे तरुण निबंध वाचण्याकरितां एकत्र आले होते. शाळा काढण्याकरितां नव्हे. परंतु जें आपणांस मिळालें तें ज्यांना मिळालें नाहीं त्यांच्याकडे त्यांची दृष्टि गेली, आणि निबंधाच्या मंडळांतून शाळा निर्माण झाल्या. 'तुमच्या अभ्यासाचे दिवस आहेत, हे उपद्व्याप आतां पुरे करा,' असें सांगून त्यांना कोणी त्या सभेंतून काढून घेतलें असतें, तर त्यांच्या परीक्षा कदाचित् अधिक चांगल्या झाल्याही असत्या. परंतु मुंबईंतील त्या मुलींच्या शाळांना आणखी किती काळ वाट पाहावी लागली असती, ह्याचा वाचकांनींच विचार करावा.

दुसरें उदाहरण माझ्या आवडत्या विषयांतील आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं मुंबईंत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपल्याकडील होते. आरंभीं महिन्यांतून एकदां भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट म्यूझियममध्यें जमावें, आणि प्रत्येकानें आपणांस सांपडलेली चीज इतरांना दाखवावी, एवढाच तिचा व्याप होता. (ती वास्तु आज डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या नांवानें ओळखिली जाते.) ह्या संस्थेच्या दारीं १९०८ च्या सुमारास एक लहान मुलगा हातांत मेलेली चिमणी घेऊन आला. ती त्यानें छऱ्याच्या बंदुकीनें मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका कां, एवढेंच त्याला विचारावयाचें होतें. संस्थेचे सन्माननीय चिटणीस मिलर्ड ह्यांनीं त्याला परत पाठविलें नाहीं. त्यांनीं चिमणीची जात सांगितली, पेंढा भरून ठेविलेल्या पक्ष्यांचीं कपाटें उघडून दाखविलीं, आणि वाचावयास पुस्तकें दिलीं. तो मुलगा म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली. त्यांचे आरंभींचे धडे मुंबईंतील गिरगांवच्या एका मिशन शाळेंतच झाले होते, हें आपल्यासारख्या मिशन शाळेच्या वाचकांस ऐकून संतोष वाटेल. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राच्या नांवांतच त्यांनीं त्या चिमणीला स्थान दिलें.

प्रत्येक मंडळांतून सलीम अली निघेल असें मी म्हणत नाहीं; तसें म्हणणें हास्यास्पद होईल. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, लहान मुलाच्या जिज्ञासेला कपाट उघडून दाखविणारें कोणीतरी थोरलें माणूस लागतें. शाळेच्या मंडळांत तें थोरलें माणूस म्हणजे नववी-दहावींतील मूल. तेंच तेथें नसेल, तर चिमणी हातांत घेऊन आलेल्या मुलानें कोणाकडे पाहावें?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पालक म्हणतात, दहावीच्या परीक्षेवर मुलाचा पुढील मार्ग अवलंबून असतो. थोड्या गुणांवरून इच्छिलेल्या कॉलेजांतील प्रवेश हुकतो. आणि ज्यांच्यापाशीं पैसा नाहीं त्यांना दुसरी वाट नसते. आपल्या शाळेंतील बहुतेक पालक मोठ्या कष्टानें मुलांना शिकवितात. त्यांची काळजी खोटी आहे असें मी कसें म्हणूं? परंतु काळजी खरी असली म्हणून उपाय बरोबर ठरतो असें नाहीं. आपण जरा हिशेब करूं. सुट्ट्या व परीक्षा वगळून वर्षांत मंडळांचे शनिवार तीस धरले, तर वर्षाचे तास तीस होतात. म्हणजे सबंध वर्षांतून सव्वा दिवस. हा सव्वा दिवस मुलांपासून काढून घेऊन आपण त्यांना किती गणित देणार? शिवाय तो तास शनिवारचा, आणि त्यांतही शेवटचा. त्या वेळीं मुलांचें मन फळ्यावर किती असतें, हें जो शिक्षक तो तास घेतो त्यालाच विचारावें.

मंडळामुळें परीक्षेंतील गुण वाढतात, असा दावा मी करणार नाहीं. कित्येक मंडळप्रेमी तो करितात, पण तो मला पटत नाहीं. गुणांसाठीं अभ्यासच करावा लागतो. तथापि मंडळांतील काम अभ्यासाचें वैरी आहे, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. व्यास दुप्पट झाला कीं क्षेत्रफळ चौपट होतें, हें गणिताच्या पुस्तकांत सर्वांनींच वाचलेलें असतें. परंतु तेंच ज्या मुलीनें गच्चीवर भिजत उभें राहून सहावींतल्या दोन मुलांना समजावून दिलें, आणि 'पण ताई, दुप्पट कां नाहीं?' ह्या प्रश्नाला उत्तर दिलें, तिला तें पुन्हां कोणी शिकवावें लागत नाहीं, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्याला शिकवावयास उभें राहिलें म्हणजे आपणांस काय येत नाहीं हें प्रथम कळतें. आणि तें परीक्षेच्या आधीं कळलेलें बरें.

दुसरा आक्षेप ह्याहून अधिक तीव्र आहे, व तो आम्हां मार्गदर्शकांवर आहे. मंडळें नुसतीं नांवाचीं असतात, असें कांहीं सहकारी म्हणतात. आणि हें बोलणें पुष्कळ अंशीं खरें आहे हें कबूल केलें पाहिजे. कित्येक मंडळांचें उद्घाटन थाटानें होतें, पाहुणे येतात, हार पडतात, छायाचित्र निघतें. आणि त्यानंतर मंडळ पुन्हां दिसतें तें वार्षिकांकांतील अहवालांत. वक्तृत्वमंडळांत दरवर्षीं तींच तीन-चार मुलें बोलतात व बाकीचीं टाळ्या वाजवितात. हस्तलिखितांतील लेखांवर शिक्षकाची लेखणी इतकी फिरते कीं मुलाचें त्यांत नांव तेवढें उरतें. तिकिटांच्या मंडळांत संग्रहाची स्पर्धा होते, ती वस्तुतः वडिलांच्या खिशांची स्पर्धा असते. आणि अलीकडे प्रमाणपत्र मिळतें म्हणूनच मंडळांत नांव घालण्याची रीत पडत चालली आहे. अशीं मंडळें चालवावयाचीं असतील, तर तीं नववी-दहावीलाच काय, पांचवीलाही नकोत. त्यापेक्षां मुलांना तो तास पटांगणावर खेळूं द्यावें.

परंतु ह्या दोषांचा विचार करितां असें दिसून येईल कीं, ह्यांपैकीं बहुतेक दोष थोरल्या मुलांना खरी जबाबदारी न दिल्यामुळें उत्पन्न होतात. तिकिटांच्या मंडळाचेंच उदाहरण घेऊं. आशिया खंडांतील पहिलीं पोस्टाचीं तिकिटें १८५२ सालीं सिंध प्रांतांत निघालीं. 'सिंद डाक' ह्या नांवानें तीं ओळखिलीं जातात. त्यांतील पहिलें लाल लाखेच्या पातळ चकतीचें होतें, आणि तें ठिसूळ असल्यामुळें लवकर तुटे. म्हणून पुढें पांढऱ्या व निळ्या रंगांत कागदाचीं काढावीं लागलीं. हीं तिकिटें काढविणारे कमिशनर बार्टल फ्रिअर हे तत्पूर्वीं साताऱ्यास रेसिडेंट होते व पुढें मुंबईचे गव्हर्नर झाले. तें तिकीट आपल्या संग्रहीं असणें कोणाही विद्यार्थ्याला शक्य नाहीं, इतकें तें दुर्मिळ आहे. परंतु त्याचें चित्र दाखवून नववींतल्या मुलानें अर्धा तास बोलावें, टपाल कसें चाले, लाखेची चकती कां तुटली, साताऱ्याचा अधिकारी सिंधमध्यें कसा पोंचला हें लहानांना सांगावें, ह्याला एक पैही लागत नाहीं. असें सांगणारा मुलगा मंडळांत असला कीं संग्रहाची किंमत कोणी विचारीत नाहीं. तो नसला कीं उरतात तीं नुसतीं तिकिटें, आणि तीं कोणाचीं किती हा प्रश्न.

वक्तृत्वमंडळाचेंही तसेंच. तीन वर्षें मंडळांत काढलेली दहावींतली मुलगी अध्यक्षस्थानीं बसली म्हणजे, जो मुलगा कधींच बोलत नाहीं त्याच्याकडे तिचें लक्ष जातें. कारण दोन वर्षांपूर्वीं ती स्वतः तशीच कोपऱ्यांत बसलेली असते. आपल्या मताविरुद्धची बाजू एकदां तरी मांडावी, प्रतिपक्षाचें म्हणणें पुरतें ऐकल्याशिवाय उत्तर देऊं नये, वेळ संपली कीं वाक्य अर्धें असलें तरी खालीं बसावें, हे नियम शिक्षकानें सांगितले तर ती आज्ञा होते. वरच्या वर्गांतील मुलांनीं पाळून दाखविले तर ती मंडळाची चाल होते. आज्ञा शिक्षक गेला कीं विसरली जाते. चाल मागून येणाऱ्यांच्या अंगवळणीं पडते.

मंडळाचें सातत्य टिकविणारी दुसरी गोष्ट म्हणजे वही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत वाळविलेल्या वनस्पतींचा एक मोठा संग्रह आहे. त्याची सुरुवात १९०६ सालीं झाली, आणि ज्यांनीं तो वाढविला त्या फादर एथेलबर्ट ब्लाटर ह्यांच्या नांवानें तो आज ब्लाटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. अशा संग्रहांतील वनस्पति जिच्यावर चिकटवितात त्या कागदावर झाडाच्या नांवाबरोबरच तें कोठें सांपडलें, कोणत्या तारखेस सांपडलें व कोणीं गोळा केलें हें लिहिलेलें असतें. ही टीप नसेल तर ती वस्तु म्हणजे केवळ वाळलेला पाला. आमच्या मंडळाच्या वहीचेंही तसेंच आहे. आवारांतील बहावा कोणत्या तारखेस फुलला, पळसाला पहिलें फूल केव्हां आलें, पावशाची हांक प्रथम कोणत्या सकाळीं ऐकूं आली, हें एका वर्षाचें लिहिलेलें असेल तर ती गंमत. दहा वर्षांचें असेल तर तें ज्ञान. परंतु कोणतेंही मूल शाळेंत दहा वर्षें मंडळांत राहत नाहीं. तेव्हां ही वही एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली पाहिजे. आणि देणारा हात व घेणारा हात हे कांहीं काळ तरी एकाच वेळीं मंडळांत असले पाहिजेत. आठवी संपतांच मूल मंडळाबाहेर जाणार असेल, तर ज्या वयांत तें कांहीं देण्याजोगें होतें नेमक्या त्याच वयांत आपण त्याला दूर करितों.

सरकारी धोरणही ह्या बाबतींत आपल्या विरुद्ध नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत अभ्यासक्रमाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम ह्यांमध्यें भिंत असूं नये असें म्हटलें आहे. आणि विज्ञान, गणित, काव्य, भाषा, नाट्य, वादविवाद, बुद्धिबळ अशा विषयांचीं मंडळें शाळांतून चालावीं, त्यांना उत्तेजन द्यावें, असेंही त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. अर्थात् धोरणांत लिहिलें म्हणून मंडळें जगत नाहींत. तीं जगतात तीं शाळेच्या वेळापत्रकांतील एका तासावर, आणि त्या तासाला कोण येतें ह्यावर.

केवळ तक्रार करून थांबणें योग्य नव्हे. म्हणून माझ्या सूचना थोडक्यांत मांडतों.

पहिली सूचना अशी कीं, नववीच्या वर्गाला मंडळांचा तास पूर्ववत् वर्षभर द्यावा, आणि दहावीला दिवाळीच्या सुटीपर्यंत द्यावा. दिवाळीनंतर दहावीचीं मुलें अभ्यासाकडे वळलीं तर त्यांना कोणी नांवें ठेवणार नाहीं. तोंपर्यंत वही नववीच्या हातीं सुरक्षित गेलेली असेल. पालकांची मागणी आणि मंडळांची गरज ह्या दोहोंचा मान ह्यायोगें राखला जाईल.

दुसरी सूचना अशी कीं, मंडळांत येणाऱ्या वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें खालच्या वर्गांतील दोघांना आपलें काम शिकवावें, व ते स्वतंत्रपणें करूं लागले म्हणजेच त्याचें काम पुरें झालें असें समजावें. प्रमाणपत्र द्यावयाचेंच असेल, तर तें ह्या कामाबद्दल द्यावें. केवळ हजेरीबद्दल नको.

तिसरी सूचना वहीची. प्रत्येक मंडळानें कामाची वही ठेवावी, आणि वर्षअखेर ती शाळेच्या ग्रंथालयांत दाखल करावी. पुढील वर्षाच्या पहिल्या सभेंत मागील वहींतील चार पानें वाचून काम सुरू करावें.

चवथी सूचना पैशासंबंधीं. मंडळांत येण्यास कसलीही वर्गणी असूं नये. जें साहित्य लागेल तें शाळेचें व सर्वांच्या सामाईक वापराचें असावें, आणि त्याचा जमाखर्च मुलांनींच लिहावा. ज्याच्या घरीं कॅमेरा नाहीं किंवा बुद्धिबळाचा पट नाहीं त्या मुलाला दारांतून परत जावें लागलें, तर मिशनच्या शाळेंत तें मंडळ शोभणार नाहीं.

पांचवी व शेवटची सूचना आम्हां शिक्षकांकरितां. सभेच्या वेळीं आम्ही अध्यक्षांच्या खुर्चीवर बसूं नये. मागच्या बाकावर बसावें. चुका होतील, त्या होऊं द्याव्या. आणि ह्या वार्षिकांकांत मंडळांचे जे अहवाल येतात त्यांत कोण पाहुणे आले ह्याऐवजीं कोणतें काम झालें तें लिहावें. एका ओळीचेंच काम झालें असेल तर एकच ओळ लिहावी.

पालकहो, शुभवर्तमानांतील एक दृष्टांत आपल्या शाळेच्या प्रार्थनेंत आपण सर्वांनींच कधीं ना कधीं ऐकिला असेल. धन्यानें सोपविलेलें धन बुडेल ह्या भीतीनें एका चाकरानें तें जमिनींत पुरून ठेविलें, आणि धनी परत येतांच जसेंच्या तसें पुढें केलें. त्यानें चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. तरी धनी त्याच्यावर रागावला. परीक्षेच्या भीतीनें मुलांतील गुण दोन वर्षें पुरून ठेवावे, आणि निकाल लागल्यावर ते सुखरूप उकरून काढूं, असें आपण समजतों. पंधराव्या वर्षीं मुलांत दुसऱ्याला सांभाळून घेण्याची जी हौस असते ती पुरून ठेविली असतां तशीच राहील, ह्याची हमी कोण देणार?

शेवटीं त्या वहीविषयीं. 'पुष्कळ पाऊस' लिहिलेलें तें पान मी तसेंच राहूं दिलें आहे. दुसऱ्याच आठवड्यांत दहावींतील एक मुलगी, गेल्या वर्षीं जिच्याकडे हें काम होतें ती, मधल्या सुटींत आपण होऊन गच्चीवर आली. डबा तिच्या हातांतच होता. तिनें त्या लहान मुलाला बाटली धरावयास लाविलें, माप वाचावयास लाविलें, आणि भागाकार त्याच्याकडूनच करविला. त्या दिवसाच्या रकान्यांत २३ हा आंकडा आहे. अक्षर त्या मुलाचें आहे. हें तिला कोणी सांगितलें नव्हतें, आणि वेळापत्रकांत त्याला जागा नव्हती. तिला तेवढी जागा शाळेनें द्यावी, इतकीच माझी विनंती आहे.